भुतानं नियमानं वागावं

रात्री साडेदहा वाजता विदर्भातल्या तिरोड्यात बऱ्याच घरांत एक मावशी टीव्हीसमोर बसलेली असते. भांडी पालथी घालून झालेली, मांडीवर सूप, सुपात उद्याच्या भाजीच्या पोपटीच्या शेंगा. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई किंचाळते तेव्हा ती मान वर करत नाही. पण मालिकेतली सून मध्यरात्री एकटीच मागचं दार उघडायला निघाली की तिचा हात थांबतो. ‘काहून उघडते वो? घरात माणसं मेली का सारी?’ भुताबद्दल तिची तक्रार नसतेच, असते ती त्या घरच्या कारभाराबद्दल. भुताखेतांच्या मालिका पाहणारी बाई म्हणजे भोळी, भित्री, अंगारे-धुपारे करणारी, असा शिकल्यासवरल्यांचा ठाम समज आहे. माझ्या मते तो साफ उलटा आहे. इतकी कडक, संशयी आणि पुरावा मागणारी परीक्षक दुसऱ्या कुठल्याही मालिकेच्या नशिबी येत नाही. तलाठ्याने सातबारा पाहावा तशी ती भूत पाहते: मूळ कोणाचं, वारस कोण, नोंद कधीची, आणि हा माणूस आज इथं कोणत्या हक्कानं उभा आहे?

‘रात्रीस खेळ चाले’चंच घ्या. 2016 साली ही मालिका आली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गातून तक्रारी झाल्या. तिरोड्याच्या मावशीला कोकणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं मालिकेतला आकेरीचा वाडा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो विजेचा. तिच्या गावाला लागून 3300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. ‘एवढी बत्ती आमच्या इथं तयार होते, अन् यांच्या ओसरीत एक बलब नाही?’ दुसरा प्रश्न इस्टेटीचा. अण्णा नाईक गेले, मुलं वाड्यात जमली, त्यात भूत कुठून आलं हे तिला नंतर कळलं तरी चालणार होतं. वाटणी कशी होणार हे आधी कळायला हवं होतं. आणि हे वाचन चुकीचं नव्हतं. आपल्याकडची भूतमालिका ही मुळात भाऊबंदकीची मालिका असते, फक्त एक पक्षकार मेलेला असतो. 2019 मध्ये दुसरा भाग आला तो मागच्या काळातला, म्हणजे अण्णा चांगले जिवंत. भुताच्या मालिकेत भूत मागे पडलं, अण्णा, त्यांची प्रेयसी शेवंता आणि बायको माई यांचा संसार पुढे आला, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. भीतीपोटीच पाहायचं असतं तर हे झालं नसतं. माधव अभ्यंकरांच्या अण्णांना मावशीनं मनसोक्त शिव्या दिल्या आणि एकही भाग चुकवला नाही.

तिचा खरा राग अनियमितपणावर आहे. 2021 च्या तिसऱ्या भागात मध्येच अपूर्वा नेमळेकर गेली आणि कृतिका तुळसकर शेवंता म्हणून आली. माणसांची बदली होते हे तिला ठाऊक आहे, पण भुताचीही होते हे नवीन होतं. ‘तुला पाहते रे’मध्ये ईशा ही राजनंदिनीचा पुनर्जन्म निघाली, तेव्हा पुनर्जन्माला तिची हरकत नव्हती, तिनं बोटांवर राजनंदिनीच्या मरणाचं आणि ईशाच्या वयाचं गणित तेवढं मांडून पाहिलं. हिंदीत ‘ससुराल सिमर का’मधली सून माशी झाली. त्यावर मावशीचं मत एवढंच, की सून माशी झाली तरी सासूला कळू नये म्हणजे सासू कसली! ‘नागिन’ तर तिच्या परीक्षेत बसतच नाही. रोवणीच्या दिवसांत बांधावर पाय टाकण्याआधी खाली पाहणारी बाई सापाला ओळखून असते. सापाचा माणूस झाला हे ती मानून घेते; पण सापाची बाई होते तेव्हा ओठांची लाली जागच्या जागी कशी, हे तिला कोणीतरी समजावून सांगावं.

ही नजर टीव्हीनं दिलेली नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की तिरोड्याच्या झाडीपट्टी मुलखात दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटकं होतात. पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून बसणाऱ्या या प्रेक्षकाला खलनायकाला तोंडावर बोलणं आणि सकाळी त्याच नटाचं कौतुक करणं, दोन्ही एकदम जमतं. खोटं आहे हे पक्कं ठाऊक असणं आणि तरी त्यात पुरतं रंगणं, याची तालीम तिच्या आजीपासून चालत आली आहे.

यावर आक्षेप येतो तो गंभीर आहे. या मालिका अंधश्रद्धा पसरवतात, आणि ज्या राज्यात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तिथं हे हसण्यावारी नेऊ नये. मान्य. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. विदर्भात बसून हे विसरता येत नाही. पण हा संशय शेवंतेनं पेरलेला नाही. तो टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचं लक्ष्य वाड्यातलं भूत नसून शेजारची गरीब, एकटी, जिवंत बाई असते. भूत पाहून कोणी कोणाला मारत नाही. मांत्रिकाचं ऐकून मारतात. म्हणून माझा राग मालिकेतल्या भुतावर नाही, मांत्रिकावर आहे. कपाळभर भस्म लावून तो येतो, गंभीर संगीत वाजतं, आणि त्याचं म्हणणं शेवटी खरं ठरतं. इथं मावशीची तपासणीही ढिली पडते. विजेचा बलब मागणारी बाई मांत्रिकाकडे एकही कागद मागत नाही, आणि हा तिचा दोष तिच्या पदरात टाकायलाच हवा.

दुसरा आक्षेप तिच्या घरातूनच येतो. इतक्या चुका दिसतात तर पाहतेस कशाला, असं वर्तमानपत्राआडून विचारलं जातं. विचारणाऱ्याला कालच्या भागात काय झालं ते नेमकं माहीत असतं, हे सोडून देऊ. पण उत्तर सोपं आहे. दिवसभर तिच्या हिशेबात न बसणाऱ्या कितीतरी गोष्टी तिला निमूट सोसाव्या लागतात: धानाचे चुकारे, आधारकार्डावरचं चुकलेलं नाव, नणंदेचा फोन. मोठ्यानं चूक काढता येईल आणि समोरचा उलटून बोलणार नाही, अशी जागा तिला साडेदहालाच मिळते.

तेव्हा वाहिन्यांच्या लेखकांना एक विनंती. पुढचं भूत पाठवण्याआधी ते कधी मेलं, त्याला काय हवं आणि कोणाकडून हवं, हे एकदा कागदावर लिहून घ्या. मांत्रिकाला एखाद्या भागात तरी तोंडावर पाडा. आणि वाड्यात मीटर बसवा. विजेची सोय तिरोड्यानं केलेली आहे.