करडाचा भाव काढावा कसा

काष्टीच्या बाजारात (ता. श्रीगोंदा) शेळीचा भाव तोंडाने विचारला की माणूस नवखा ठरतो. जाणत्यांचा सौदा रुमालाखाली. व्यापारी बोटं दाबतो, गिऱ्हाईक मान हलवतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला फक्त रुमालाचा मळ दिसतो. अशा वेळी दहावीचं बीजगणित काढावं.

साहित्य: एकाच व्यापाऱ्याकडून एकाच भावाने माल घेतलेले दोन नातेवाईक. अज्ञात दोन, म्हणून समीकरणंही दोन. दुसऱ्याने पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट नग घेतले असतील, तर तो कामाचा नाही. तो पहिल्याचंच दोनदा सांगतो.

आमच्या मामांनी तीन शेळ्या, दोन करडं घेतली, ३४,००० रुपयांना. दाजींनी दोन शेळ्या, तीन करडं, २८,५०० ला. नगांची अशी उलटापालट ही देवाची देणगी समजावी. दोन्ही खरेद्या मिळवा: पाच शेळ्या, पाच करडं, ६२,५००. म्हणजे शेळी-करडाची जोडी १२,५०० ची. मग मामांतून दाजी वजा करावेत, मनातल्या मनात. शेळी करडापेक्षा ५,५०० ने महाग निघते. आता १२,५०० मध्ये ५,५०० मिळवले की करडू आपोआप गळतं. पुस्तकात याला चलाचा लोप म्हणतात. उरतात दोन शेळ्या, १८,०००. शेळी ९,०००, करडू ३,५००. नग असे जुळले नसतील, तर मामांना तीनने आणि दाजींना दोनने गुणून दोन्हीकडे सहा-सहा करडं करावीत. हे कागदावरच होतं, चारा लागत नाही.

धंदा जुना आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त सारख्याच मालमत्तेचे चार धनी उभे केले, कोणाकडे घोडे, उंट, खेचरं, बैल किती ते सांगितलं आणि भाव काढायला लावले. अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं. चार अज्ञातांत समीकरणं तीनच, त्यामुळे उत्तरं कितीही. त्यांतलं सर्वांत लहान घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४. बैल चार! काष्टीत हा भाव बोलून बघा.

शेवटी ताळा. दाजींनी ताईसमोर आधी २२,००० सांगितले होते. त्यावरून शेळी ११,६०० आणि करडू उणे ४०० आलं. म्हणजे व्यापाऱ्याने करडू दिलं, वर चारशे रुपयेही दिले. असं झालं की गणित पुन्हा करत बसू नये. ताई चहा ठेवायला आत जाईपर्यंत थांबावं. वरचा २८,५०० चा आकडा तेव्हा मिळालेला आहे.