गिअरवाली आगगाडी

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कऱ्हाड डेपोला. लहानपणी मला त्याची थोडी लाज वाटायची, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्या पोराचा मामा रेल्वेत होता. तोही काही इंजिन हाकत नव्हता, मिरजेला पार्सल ऑफिसात पावत्या फाडायचा. पण रेल्वे ती रेल्वे. तिच्यासाठी फाटक बंद होतं. एसटीला म्हैससुद्धा वाट देत नाही.

इंजिनात बसायची तेव्हापासूनची हौस फिटली ती साठी उलटल्यावर, आणि तीही इंग्लंडात. लेक बर्मिंगहॅमला असते. तिथून जवळच किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ अशी १६ मैलांची सेव्हर्न व्हॅली रेल्वे आहे. १९६३ मध्ये सरकारी रेल्वेने नदीकाठच्या या थेट गाड्या बंद केल्या. १९६५ मध्ये गावोगावच्या हौशी मंडळींनी संस्था काढली आणि १९७० पासून टप्प्याटप्प्याने गाडी पुन्हा सुरू केली. सिग्नलवाले, गार्ड, ड्रायव्हर असे बरेचसे लोक बिनपगारी. आमचा ड्रायव्हर एरवी दातांचा डॉक्टर होता. त्याने केबिनमधल्या खुर्चीकडे बोट दाखवून ‘बसा’ म्हटलं, तेव्हा मी आधी तोंडच उघडलं.

जादा पैसे भरून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसायचं, तर लेकीच्या मनात वाफेचं इंजिन होतं. त्याचा दर ऐकून मीच डिझेलवर आलो. वाफेच्या गाडीपुढे फोटोला गर्दी, आणि आमची हिरवी डिझेल गाडी बाजूच्या फलाटावर धाकट्या जावेसारखी उभी. हिला वेगळं इंजिन नसतं. १९५८ ते १९६१ या काळात डर्बीच्या कारखान्यात बांधलेल्या गाड्यांपैकी ही एक. इंजिनं डब्याच्या पोटाखाली आणि ड्रायव्हर डब्याच्याच तोंडाशी.

आत गेल्यावर मी आधी स्टिअरिंग शोधलं. नसतं हे ठाऊक होतं, तरी शोधलं. ड्रायव्हरच्या पुढ्यात दोन-चार दांडे आणि काही घड्याळं. एक मूठ त्याने दाबून धरली होती. ती सुटली तर माणसाला काही झालं असं समजून गाडी थोड्या वेळात आपोआप ब्रेक लावते. सिग्नलचा हात पडला, भोंगा दोन सुरांत वाजला, गाडी हलली. खालून घरघर वाढत गेली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला. मग त्याने इंजिन एकदम ढिलं सोडलं, दुसरा दांडा एक घर सरकवला, श्वासभर थांबला आणि पुन्हा इंजिनाला जोर दिला.

मी मराठीतच ओरडलो, “अहो, हा गिअर!”

तो गिअरच होता. चार गिअरांची आगगाडी. क्लचचं पायडल तेवढं नाही.

“इंजिन कुणाचं?” मी विचारलं.

“लेलँड,” डॉक्टर म्हणाले.

झालं असं की, १९५०च्या दशकात इंग्रजांना लहान मार्गांवरून वाफेची इंजिनं हटवायची होती आणि पैसे जपून खर्चायचे होते. तेव्हा त्यांनी बसच्या जातीचं १५० अश्वशक्तीचं इंजिन आडवं करून डब्याखाली टांगलं. एका डब्याला अशी दोन. त्याच सुमारास मद्रासची अशोक मोटर्स लेलँडच्या गाड्या जुळवत होती. १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली आणि पुढे त्याच नावाची गाडी अण्णांच्या हाताखाली आली. म्हणजे मी जन्मभर ज्या रेल्वेकडे मान वर करून पाहिलं, ती नात्याने आमच्या एसटीची चुलत बहीण निघाली.

सुट्टीत अण्णा मला चिपळूणच्या फेरीला न्यायचे. जागा ठरलेली: त्यांच्या शेजारी, इंजिनावरच्या बॉनेटवर. बुडाखालचं रेक्झिन तव्यासारखं तापायचं. कुंभार्लीच्या चढाला इंजिनाचा आवाज जड होऊ लागला की ते पुढे बघतच म्हणायचे, “ऐक, गिअर मागतीय बघ.” आणि हात आपसूक खाली जायचा.

इथे चढ कुंभार्लीच्या मानाने विनोदच, आणि वेगाला २५ मैलांची, म्हणजे ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. एवढ्यावर अण्णांना डेपोत जाब द्यावा लागला असता. एक बोगदा गेला. मग डाव्या-उजव्या झाडांत सफारी पार्क लागलं आणि इंग्लंडातल्या कुरणात गेंडा चरताना दिसला. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही; म्हैस बरी. ब्यूडली स्टेशनात पुढच्या वाटेचं टोकन, म्हणजे जायचा परवाना, हातात आलं. त्यानंतर १८६१ साली बांधलेला, एकाच कमानीत २०० फूट नदी ओलांडणारा व्हिक्टोरिया पूल. काचेतून फक्त रूळ आणि आभाळ. वळणावर मी सबंध अंगाने कललो. डॉक्टर ताठ बसून होते, वळवायचं काम रुळांचं.

पण माझं लक्ष आता कानांत होतं. आर्लीहून निघताना आवाज भरत आला आणि मी पुटपुटलो, “आता.” त्याच क्षणी डॉक्टरांचा हात दांड्यावर गेला. पुढच्या स्टेशनावरून निघतानाही तेच. त्यांनी वळून पाहिलं.

“बस चालवत होतात काय?”

“मी नाही,” म्हटलं, “वडील.” आणि कारण नसताना ताठ बसलो.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर केबिनसाठी वेगळे पैसे मोजू नका. या गाड्यांत ड्रायव्हरच्या पाठीमागे भिंत नाही, काच आहे. साध्या तिकिटावर पहिल्या बाकावर डावीकडे बसा. ड्रायव्हरचा हात नीट दिसतो.