डॉट मराठी

"वेबपत्त्याच्या शेवटी आपलं स्वतःचं 'डॉट मराठी' हवं," असं कोणी म्हटलं की आधी छाती फुगते आणि मग 'डॉट भारत' आठवतं. २७ ऑगस्ट २०१४ला ते देवनागरीत आलं. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांसाठी. घर केव्हाचं बांधून तयार आहे. राहायला किती जण गेले, हे मात्र विचारू नये.

पत्ता दिसायला देखणा. पण इंटरनेटच्या जुन्या पत्तापुस्तकाला देवनागरी कळत नाही. म्हणून आत शिरताना 'भारत'ला कपडे बदलावे लागतात : 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे 'एच टू बी आर जे नाइन सी'. कधी ब्राउझरच्या पट्टीत हेच रूप उघडं पडतं आणि आपला अभिमान शेजाऱ्याच्या वायफायच्या पासवर्डसारखा दिसू लागतो. देवनागरी ईमेल तर कित्येक फॉर्म लाल अक्षरांत 'अवैध' म्हणून परत करतात.

कॅटलान लोकांनी आपल्या भाषेसाठी २००५मध्ये 'डॉट कॅट' मिळवलं. इंग्रजीत त्याचं मांजर होतं, हे त्यांनी मनावर घेतलं नाही. मजकूर कॅटलानमध्ये हवा, यावर मात्र भर दिला. आपण असा आग्रह धरला तर? दारावर मराठी पाटी आणि आत 'होम', 'अबाउट अस', 'कॉन्टॅक्ट'. निम्मी मंडळी पहिल्याच दिवशी बाद.

शिवाय फी. पत्त्यांचे असे नवे शेवट देण्याच्या २०१२च्या फेरीत नुसत्या अर्जाला १,८५,००० डॉलर पडले. वर्गणीची पावतीपुस्तकं खुशाल छापा. फक्त त्यांच्यावरचा पत्ता 'डॉट कॉम'चा नसावा, एवढं बघा.