कमी चाललेली, कायम गॅरेजमध्ये ठेवलेली

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन छोटे आकडे असतात. वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर दिसणार. उरलेले पाच महिने तिनं चालायचं तर नाहीच, पण रस्त्याच्या कडेला नुसतं उभंही राहायचं नाही. १९९७ साली ही सोय निघाली. जितके महिने गाडी वापरायची तितक्याच महिन्यांचा कर आणि विमा भरायचा, हा त्यातला व्यवहार. मी राहतो त्या श्टुटगार्टच्या परिसरातली श्वाबियन माणसं पैशाला जपण्याबद्दल अख्ख्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत, त्यामुळे त्यांना ही सोय मनापासून पटलेली दिसते. एक एप्रिलला आमच्या गल्लीतल्या गॅरेजांची दारं उघडतात आणि आतून बुटक्या, दोन माणसांच्या, उघड्या छपराच्या गाड्या बाहेर येतात. चालवणारे बहुतेक साठीच्या पुढचे. ज्या वयात अशी गाडी परवडते त्या वयात तिच्यात बसणं अवघड जातं, आणि उतरणं त्याहून. आधी डावा पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला हात, मग एक दबका हुंकार, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे नजर.

या मंडळींत आता मीही आहे. गाडी सेकंडहँड. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण वरच्या मजल्यावरचे आजोबा त्याच कंपनीतून निवृत्त झालेत, समोरच्या बाई तिथे हिशेब बघतात, आणि मला याच गल्लीत राहायचं आहे.

गाडी घेतली तेव्हा पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिनं छप्पर उघडताना पाहिलं, मिटताना पाहिलं आणि विचारलं, "छपराचं असं आहे म्हटल्यावर बरीच कमी करून दिली असेल ना रे?" बाबांची नोकरी टेल्कोत गेली, त्यामुळे त्यांचा प्रश्न मुद्द्याचा होता. "मागची सीट?" मागे सीट नाही असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ही दुसरी गाडी. पहिली कुठली?" पहिली म्हणजे भाजी, पोरं आणि वेळप्रसंगी कपाट वाहून नेणारी, बारा महिने चालणारी आणि कधीही न बिघडणारी. तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

आईचं म्हणणं मात्र अगदीच चूक नव्हतं. या गाड्या कमी करूनच मिळतात. मर्सिडीजची २००१ साली आलेली एसएल घ्या. नवी असताना एसएल ५०० जर्मनीत नव्वद हजार युरोच्या आसपास पडायची. आज त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात बऱ्यापैकी जपलेली मिळते. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांना ते कुणी कळवलं नाही. त्या एसएलमध्ये ऐपतीप्रमाणे एक यंत्रणा घेता यायची. इंजिनावर फिरणारा पंप तेलाला दोनशे बारच्या आसपास दाब देतो आणि त्या जोरावर गाडी वळणात झुकत नाही, ब्रेक लागला तरी नाक खाली घालत नाही. बसणाऱ्याला स्वर्ग. पण एका चाकाचा स्ट्रट गळू लागला की हजार युरोच्या वरचं बिल, आणि एक गेला की बाकीचे तीनही त्याच वयाचे असतात. ब्रेक तर त्याहून हुशार. पेडल तुम्ही दाबायचं, पण कुठल्या चाकाला किती ब्रेक लावायचा ते संगणक ठरवणार. २००४ साली कंपनीला याच ब्रेकपायी जगभरातल्या ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलवाव्या लागल्या. त्यांत एसएलबरोबर त्याच घरातल्या इतरही होत्या. ही गाडी घेणं म्हणजे खालसा झालेल्या संस्थानाचा हत्ती लिलावात घेण्यासारखं आहे. हत्ती स्वस्तात मिळतो, पण तो चारा संस्थानच्या वेळेचाच खातो.

अर्थात इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन हे सगळ्याच गाड्यांना असतं. उघड्या गाडीचं नशीब छपराशी बांधलेलं आहे. १९८९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या आधीच्या एसएलचं कापडी छप्पर बटण दाबलं की आपसूक मागे जाऊन झाकणाखाली बसतं. बघणारे थांबून बघतात. त्यासाठी आत दहाहून जास्त तेलाचे सिलिंडर कामाला लागलेले असतात, आणि त्यांतले काही पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीत, म्हणजे नेमके बसणाऱ्याच्या कपाळासमोर. वयानुसार त्यांच्या आतल्या रबरी सीलांचा भुगा होतो आणि तेल टपकायला लागतं. नरकचतुर्दशीखेरीज अंगाला तेल न लावणाऱ्यांचीही अशा गाडीत सोय होते.

बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-फोरची गोष्ट याहून सरस. तिच्या छपराची मोटर सीटच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, छप्पर घडी होऊन बसतं त्याच्या तळाशी एका खोलगट जागी आहे. कापडावरून ओघळलेलं पाणी तिथल्या भोकातून खाली जमिनीवर जावं, अशी योजना. त्या भोकात पानांचा चोथा बसला की पाणी तुंबतं आणि मोटर बुडते. पावसापासून वाचवणाऱ्या छपराला पाऊसच मारतो. शिवाय कंपनीच्या रीतीनं त्या मोटरपर्यंत हात पोचायचा तर अख्खं छप्पर उतरवावं लागतं. म्हणून जाणते मेकॅनिक नवी मोटर जुन्या जागी बसवतच नाहीत. नळ्या आणि तारा लांबवून ती सरळ डिकीत आणून ठेवतात. ज्यानं गाडी आखली त्याला चार भिंतींत पाऊस आठवला नसेल, पण ज्यानं ती दुरुस्त केली त्याला आठवला.

मी दर ऑक्टोबरात माझ्या गाडीच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करतो. गवत कापायच्या यंत्रात असतो तो जाड नायलॉनचा दोरा घ्यायचा, छपराच्या घडीत कोपरापर्यंत हात घालून बोटांनी भोक शोधायचं, आणि दोरा हलक्या हातानं फिरवत आत सोडायचा. जोर केला तर नळी आतल्या आत निसटते. मग तांब्यानं थोडं पाणी ओतायचं आणि पटकन गुडघ्यावर बसून मागच्या चाकापाशी बघायचं. आधी काहीच येत नाही. मग काळपट दोन थेंब, मग लिंडेनच्या पानांची कुजलेली देठं, आणि मग एकदम स्वच्छ धार. त्या धारेनं जो आनंद होतो तो गाडी ताशी दीडशेनं नेतानाही होत नाही, हे मी वरच्या आजोबांखेरीज कुणाला सांगत नाही.

दुसरं काम दाराच्या आणि छपराच्या रबरांना मलम लावायचं. इकडे जुन्या लोकांचा भरवसा हरणाच्या चरबीवर. तिची बोटभर कांडी मिळते. डोंगर चढणारे टाचांना चोळतात आणि गाडीवाले रबराला. आईला हे सांगण्याची गरज नव्हती, पण बोलण्याच्या ओघात सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दसऱ्याला हार घालशील तेव्हा आधी पुसून घे ती." दसराही बरोबर मोसम संपता संपता येतो, म्हणजे पूजा होते आणि लगेच गाडी गॅरेजात पाच महिने कोंडली जाते. कुंकू मी रंगाला लावत नाही, नंबरप्लेटला लावतो.

आता मुद्द्याचं. सेकंडहँड स्पोर्ट्स गाडीच्या जाहिराती वाचा. किलोमीटर अगदी कमी, एकाच मालकाची, कायम गॅरेजमध्ये, पावसात कधीही नेलेली नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोवळ्यातली गाडी उभी राहते आणि तो वर दोन-चार हजार जास्त मोजायला तयार होतो. माझं मत असं की आजार तिथेच सुरू होतो. या गाड्या चालण्यानं कमी आणि उभं राहण्यानं जास्त बिघडतात. उभ्या गाडीचं रबर कोरडं पडतं, ब्रेकच्या तबकड्या गंजतात, ब्रेकच्या तेलात हवेतला ओलावा शिरतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. टायरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते म्हणून विकणारा अभिमानानं दाखवतो. पण टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २३१० असेल तर ते रबर २०१०च्या तेविसाव्या आठवड्यातलं आहे, मग नक्षी कितीही खोल असो. असे दगडासारखे झालेले टायर ओल्या रस्त्यावर काय करतील ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण त्यानं पावसात गाडी नेलेलीच नाही.

बॅटरीची तऱ्हा तर विचारू नका. गाडी झोपलेली असली तरी तिचा अलार्म आणि आतले छोटे संगणक जागे असतात, आणि आठवडे उलटले की बॅटरी बसते. २००० नंतरच्या काही पोर्श गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. वीज संपली की विजेपर्यंत जाता येत नाही. मग ड्रायव्हरच्या पायांशी फ्यूजांच्या डब्यात लपवलेला एक खिळा बाहेर ओढून, त्याला दुसऱ्या बॅटरीची वायर लावून, आपल्याच गाडीत चोरासारखं शिरायचं.

त्याच पोर्शची बॉक्स्टर १९९६ साली आली आणि अडचणीतल्या कंपनीला तिनं वर काढलं. इंजिन सीटच्या मागे, छपराच्या घडीखाली. मालकाला ते दिसतच नाही. मागच्या डिकीत तेल आणि पाणी घालायची झाकणं तेवढी ठेवलेली आहेत, बाकी आवाजावर विश्वास ठेवायचा. त्या इंजिनात एका मधल्या दांड्याच्या टोकाला एक बॉल बेअरिंग आहे. मुठीत मावेल एवढं, पण फुटलं तर इंजिन घेऊन जातं. अमेरिकेत त्यावरून खटला होऊन २०१३ साली तडजोड झाली. बहुतेक गाड्यांत ते फुटत नाही. पण बहुतेकांत आपण आहोत की उरलेल्यांत, हे ते फुटल्यावरच कळतं. आणि ही इंजिनं उघडणारे लोक सांगतात ते मला फार मोलाचं वाटतं: लाडानं उभ्या ठेवलेल्या, तेल न बदललेल्या गाड्यांत ते आधी जातं, रोज दामटलेल्या गाड्यांत टिकतं.

वरचे आजोबा हेच एका प्रश्नात विचारतात. मी चेहरा पाडून काही सांगायला गेलो, काच खाली जाताना कुरकुरते, छप्पर अर्ध्यावर थांबतं, की ते आधी बॉनेटवर हात ठेवतात आणि म्हणतात, "शेवटची कधी चालवलीत?" उत्तर ऐकलं की पुढे काही बोलत नाहीत. चावी घेऊन या, एवढंच खुणेनं सांगतात.

मग आम्ही जातो. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटला काळ्या जंगलाच्या माथ्यावरून साठेक किलोमीटरचा रस्ता आहे. ऑक्टोबरात तिथे हवा बोचते, तरी छप्पर उघडं, पायांशी हीटर, कानांवर टोपी. आपल्याकडच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, कारण आपल्याकडे उघड्या गाडीत ऊन, धूळ आणि पाऊस हे तिघंही सहप्रवासी असतात. इथे नुसता वास येतो: कापलेल्या देवदाराचा, शेणखताचा, आणि मुमलझेच्या तळ्यापाशी भाजलेल्या सॉसेजचा. बायकोला ही गाडी आवडण्याचं कारण वेगळं. शंभराच्या पुढे गेलं की वाऱ्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. ती म्हणते, यात बसून भांडता येत नाही, हा या गाडीचा एकमेव भरवशाचा भाग.

पुण्यातले मित्र विचारतात, परत येताना घेऊन येशील ना? नाही येणार. भारतात आणायची जुनी गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. माझी दोन्हीकडून नापास. ती इथेच म्हातारी होईल. तिशी गाठली की जर्मन सरकार अशा गाडीला ऐतिहासिक ठरवून वर्षाला १९१ युरो आणि काही सेंट एवढाच सरसकट कर लावतं. मालकाला तिशी गाठल्याबद्दल असं काही मिळत नाही.

तेव्हा कुणी अशी गाडी घ्यायच्या विचारात असाल, मुंबईत असा, पुण्यात असा की श्टुटगार्टात, तर मीटरवरचा कमी आकडा बघून हुरळू नका. आधी बिलांची फाइल मागा, आणि ती जाड असेल तर घाबरू नका, पातळ असेल तर घाबरा. टायरवरचे चार आकडे वाचा. छप्पर एकदा नाही, दोनदा उघडून मिटायला लावा. शेवटी वाकून सीटच्या मागचा गालिचा तळहातानं दाबून बघा. ओला लागला तर मालकाचा चहा प्या, गाडीचं तोंडभरून कौतुक करा आणि बसनं घरी या.