जहाज पाहावं बांधून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं ज्यानं म्हटलं त्याच्या हातात लाकडी जहाजाचं किट पडलं नव्हतं. पडलं असतं, तर घर आणि लग्न ही दोन्ही त्यानं किरकोळ कामांत टाकली असती. घराला गवंडी मिळतो, लग्नाला केटरर मिळतो. जहाजाला आपण एकटे असतो, आणि बाकी सगळे बघायला.

माझ्याकडे आहे ते, म्हणजे होऊ घातलंय ते, 'कटी सार्क'. शिडांच्या जमान्यातलं चीनहून लंडनला चहा नेणारं वेगवान जहाज. मी निवृत्त झालो तेव्हा जावयानं परदेशातून त्याचं किट आणलं. निवृत्त माणसाला काय द्यावं हा प्रश्न तसा नाजूकच. शाल दिली तर म्हातारा म्हटल्यासारखं होतं आणि घड्याळ दिलं तर त्यात बघायचं काय, हा प्रश्न उरतो. सासरे काही वर्षं फोन करणार नाहीत असं काहीतरी द्यावं, असा विचार जावयानं केला असावा. त्या दृष्टीनं भेट शंभर टक्के यशस्वी झाली आहे.

खोक्याच्या झाकणावर सगळी शिडं फुगवून निघालेलं दिमाखदार जहाज छापलेलं आहे. झाकण काढलं की आत जहाज सोडून बाकी सगळं. प्लायवूडमध्ये लेझरनं कापलेले तुकडे, लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, पितळी टाचण्या, तांब्याचे चिमुकले पत्रे, वेगवेगळ्या जाडीचे दोरे आणि नखावर मावतील अशा लाकडी कप्प्या. सोबत डायनिंग टेबलाच्या बाहेर लोंबतील एवढे मोठे नकाशे आणि अगदी बारीक पुस्तिका. पुस्तिका लिहिणारा माणूस मितभाषी असावा. 'आता सांगाड्यावर पट्ट्या बसवाव्यात' असं तो एका वाक्यात लिहितो आणि पुढच्या वाक्यात थेट डोलकाठ्यांकडे वळतो. त्या दोन वाक्यांमधल्या पूर्णविरामात माझा एक अख्खा पावसाळा, गणपती आणि दिवाळी गेली.

आधी सांगाडा. मधोमध उभा कणा आणि त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फासळ्या. सुरमई खाऊन झाल्यावर ताटात जे उरतं ते उलटं धरलं की आमच्या जहाजाची पहिली अवस्था. खऱ्या 'कटी सार्क'च्या फासळ्या लोखंडी होत्या आणि त्यावर सागवान आणि रॉक एल्मच्या फळ्या होत्या. आमच्या फासळ्या प्लायवूडच्या. त्यांच्या कडा पॉलिश पेपरनं तिरक्या घासाव्या लागतात, कारण जहाजाचं अंग नाळेकडे आणि मागे वळत जातं आणि कड सरळ राहिली तर पट्टी तिच्यावर अर्धीच टेकते. किती घासायचं ते पुस्तिकेत नाही. कमी घासलं तर पट्टीला फुगवटा येतो, जास्त घासलं तर खळगा पडतो, आणि बरोबर घासलं तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पट्टीचं गणित तर निराळंच. जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि टोकांना लहान, पट्टी मात्र इथून तिथून सारख्याच रुंदीची. म्हणून प्रत्येक पट्टी मध्यापासून दोन्ही टोकांकडे रंध्यानं निमुळती करायची, मग पाण्यात भिजत घालायची. भिजली की नाळेकडचं टोक वाफेवर धरून हळूहळू वाकवायचं. घरात भरपूर वाफ देणारं एकच भांडं आहे, ते म्हणजे मोदकपात्र. त्याच्या झाकणाच्या फटीतून पट्टीचं टोक आत सरकवून मी उभा असताना सौ. स्वयंपाकघरात आली. काही बोलली नाही. कपाटातलं दुसरं, जुनं मोदकपात्र तिनं काढलं, 'हे तुमचं' म्हणाली आणि नवं माझ्या हातातून काढून घेतलं. संसारात सीमावाद असे सुटतात.

वाकवलेली पट्टी फेविकॉल लावून जागेवर बसवली की कपडे वाळत घालायचे चिमटे तिला रात्रभर धरून ठेवतात. त्या काळात आमच्या गॅलरीतले कपडे वाऱ्यावर सोडलेले असायचे. एक टॉवेल खालच्या मजल्यावर गेला, तो परत आला. एक उशीचा अभ्रा गेला, तो आला नाही.

हे सगळं दोनदा करायचं असतं. आतला थर लाइमवूडचा, त्यावर अक्रोडाचा पातळ थर. आतला थर पुढे आयुष्यात कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. "न दिसणाऱ्या कामाला एवढे दिवस?" असं सौ.नं विचारलं, आणि मग स्वतःच "घरकामाचंही तसंच म्हणा" असं पुटपुटत निघून गेली. जहाजाला घरातून मिळालेली ही पहिली सहानुभूती.

तिसरा थर तांब्याचा. लाकडाला किडा लागू नये, कालवं-शेवाळ चिकटू नये म्हणून पूर्वी जहाजाच्या पाण्याखालच्या भागाला तांब्याचा किंवा मिश्रधातूचा पत्रा मारत. 'कटी सार्क'ला तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचा होता. किटमध्ये त्याऐवजी पाठीला गोंद लावलेले चिमुकले पत्रे येतात. एक चिकटवायला घेतला की दुसरा बोटाला चिकटतो आणि तिसरा पंख्याच्या वाऱ्यानं सोफ्याखाली जातो. तेव्हा पंखा बंद. ठाण्याचा मे महिना, पंखा बंद, आणि समोर कोपरापर्यंत घाम पुसत बसलेले पाहुणे. पाहुणे लवकर उठतात, हा या छंदाचा एक फायदा कोणी सांगत नाही.

आमच्या नात्यातले एक साडू मात्र उठत नाहीत. ते शेजारी खुर्ची घेऊन बसतात आणि "इथं जरा फट दिसते" एवढं बोलून चहाची वाट बघतात. खऱ्या जहाजावरही एक असे होते. १८७२ साली 'थर्मोपिली' या जहाजाशी शांघायहून लंडनपर्यंत शर्यत लागली होती. 'कटी सार्क' सुमारे ४०० मैल पुढे होती आणि हिंदी महासागरात वादळानं तिचं सुकाणू मोडून नेलं. मालकाचे भाऊ रॉबर्ट विलिस जहाजावरच होते. जवळच्या बंदरात जाऊ या, असा धोशा त्यांनी लावला. कप्तान मूडी ऐकेना. हेन्री हेंडरसन या जहाजावरच्या सुतारानं जास्तीच्या काठ्यांमधून, त्या वादळात, हलत्या डेकवर, सहा दिवसांत नवं सुकाणू बनवलं. शर्यत आठवड्यानं हुकली, पण जहाज लंडनला पोचलं. माझं सुकाणू न हलणाऱ्या टेबलावर तयार झालं आणि त्याला बराच जास्त वेळ लागला. पण हेंडरसनच्या शेजारी आमचे साडू नव्हते, हे लक्षात घ्यायला हवं.

या जहाजाच्या पत्रिकेतच काहीतरी होतं. मालक जॉन विलिस हिशेबाला पक्का. त्यानं टनाला १७ पौंड असा भाव पाडून स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या 'स्कॉट अँड लिंटन' या नव्या कारखान्याला काम दिलं. त्या भावात जहाज बांधता बांधता कारखानाच बुडाला आणि उरलेलं काम दुसऱ्यांनी पुरं केलं. २२ नोव्हेंबर १८६९ रोजी जहाज पाण्यात उतरलं. त्याआधी बरोबर पाच दिवस, १७ नोव्हेंबरला, सुएझ कालवा उघडला होता. आगबोटींना चीनचा जवळचा रस्ता मिळाला. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्राचे वारे सोयीचे नाहीत, त्यांना आफ्रिकेला वळसा घालूनच यायचं. म्हणजे जगातलं एक सर्वांत देखणं शिडाचं जहाज जन्माला आलं तेव्हा त्याचा धंदा पाच दिवसांपूर्वीच गेला होता. निवृत्तीनंतर हाती घ्यायला याहून योग्य जहाज सापडलं नसतं.

कोकणात एका खाडीवर मासेमारीची होडी बांधणाऱ्या सुतारमामांना मी मोबाइलवर आमच्या सांगाड्याचा फोटो दाखवला होता. समोर त्यांची पन्नासेक फुटांची होडी उभी होती, आणि कागदावर एक रेघसुद्धा नव्हती. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, नाळ बघितली, पाठीमागचा भाग बघितला, मान डोलावली. मग विचारलं, "इंजिन खंय बसवतलास?"

सुएझ कालव्यानं विचारलेला प्रश्न तो हाच. त्याचं उत्तर मला नंतर वाचनात सापडलं. चहाचा धंदा सुटल्यावर 'कटी सार्क' ऑस्ट्रेलियाहून लोकर आणायला लागली. १८८९ साली सिडनीकडे जाताना तिनं 'ब्रिटानिया' या टपाल-आगबोटीला रात्रीच्या अंधारात मागं टाकलं. इंजिनवालीला! पुढच्या वेळी मामांना हे सांगायचं ठरवलंय.

सध्या काम दोऱ्यांवर आलं आहे. मूळ जहाजावर सुमारे ११ मैल दोरखंड होता. माझ्याकडे रिळं आहेत. दोऱ्याला आधी मेण लावून घ्यायचं, म्हणजे त्याची लव बसते. मग डोलकाठीपासून बाजूंना खाली येणारे जाड दोर तीन भोकांच्या लाकडी चकत्यांत ओवून ताणायचे आणि त्यांवर खलाशांनी चढायच्या शिड्यांच्या पायऱ्या विणायच्या. प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला वेगळी बांधायची; गाठ तीच, गुरं खुंट्याला बांधतात ती, फक्त गुरं आणि खुंटा दोन्ही नसताना, चिमट्यानं. एक पायरी जरा जास्त ओढली की दोन्ही बाजूंचे दोर आत येतात आणि वरच्या सगळ्या पायऱ्या ढिल्या पडतात. नातू जवळ उभा राहून बघतो. "आजोबा, यावरून कोण चढणार?" मी म्हटलं, खलाशी. "ते किटमध्ये आहेत?" नाहीत. नातू काही बोलला नाही, पण त्याच्या मनातला माझ्याबद्दलचा हिशेब बदलला.

नाळेवरची मूर्ती तेवढी झाली आहे. ती रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली चेटकीण नॅनी, हातात घोड्याचं शेपूट धरलेली. मी टोकदार काडीनं तिचा चेहरा रंगवला. शेपूट छान जमलंय.

"आता संपलंच की," असं लोक म्हणायला लागलेत, आणि तिथंच माझी चिंता सुरू होते. जहाज अपुरं आहे तोवर माणसाला प्रतिष्ठा असते. लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नात लोक 'कुठवर आलं?' विचारतात, निवृत्त माणसाला एरवी कोण काय विचारतं? तब्येत. पुरं झालं की मात्र तेच लोक येतात, काचेपाशी वाकतात, आणि 'केवढ्याला घेतलं?' म्हणतात.

अपुरेपणाच्या बाजूनं माझ्याकडे एक ऐतिहासिक पुरावाही आहे. 'कटी सार्क' १९५० च्या दशकापासून लंडनमध्ये ग्रिनिचला कोरड्या गोदीत जपून ठेवली आहे. वादळं, मोडलेलं सुकाणू, धंद्यातली मंदी, परक्या मालकाच्या हाती गेलेली वर्षं, सगळ्यातून ती तरली. मग २१ मे २००७ च्या पहाटे, डागडुजी चालू असताना, तिला मोठी आग लागली. चौकशीत निघालेलं सर्वांत संभाव्य कारण म्हणजे कचरा ओढायला ठेवलेला आणि शनिवार-रविवारभर चालूच राहिलेला व्हॅक्युम क्लीनर. पण दुरुस्तीसाठी डोलकाठ्या, नाळेवरची मूर्ती आणि बऱ्याचशा फळ्या आधीच उतरवून दुसरीकडे ठेवल्या होत्या. जे खोलून ठेवलं होतं ते वाचलं, आणि २०१२ साली जहाज पुन्हा लोकांसाठी उघडलं.

हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या जहाजाच्या टेबलाभोवती तेव्हापासून झाडलोट मीच करतो, हातानं.

तेव्हा, वाचकहो, तुमच्या घरात कोणी जहाज बांधत असेल तर 'कुठवर आलं?' जरूर विचारा, त्याला बरं वाटतं. 'कधी होणार?' विचारू नका. मोदकपात्र जुनं असेल तर देऊन टाका. आणि व्हॅक्युम क्लीनर वापरून झाला की बटण बंद करा.