कार्ड हिरवं, पाणी कसं?

महाराष्ट्रात गावच्या पाण्याला रंग असतो. मात्र तो विहिरीत नव्हे, ग्रामपंचायतीच्या कार्डावर पाहायचा. लाल म्हणजे जोखीम, पिवळं म्हणजे जपून, हिरवं म्हणजे निर्धास्त. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं की चंदेरी! सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर. पाणी मात्र भर आषाढात बिघडतं, तारीख न घेता.

तपासणीची बाटलीही मोठी संयमी. जिवाणू असले तर नमुना काळा पडतो, पण 24 ते 48 तासांनी. तोवर गावाने ते पाणी रिचवलेलं असतं आणि निकाल सलाईनच्या बाटलीने आधीच जाहीर केलेला असतो.

यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइड तर त्याहून सभ्य. ना रंग, ना वास. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की वर्षानुवर्षं गुपचूप दात डागाळतं, हाडं वाकवतं. ‘उकळून प्या’ म्हणावं, तर उकळल्याने ते आणखी दाटतं. मग हातपंपाला लाल रंग फासायचा. आणि दुसरं पाणी? ते प्रस्तावात आहे. प्रस्तावातलं पाणी अत्यंत शुद्ध. त्यात आजवर एकही जिवाणू सापडलेला नाही.