एकादशीचं भजन नि लावणीची चाल

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या ना. मोठ्या काकूंची खिडकी उघडीच असते, म्हणून हळू बोलते.

परवा एकादशीचं भजन कोपऱ्यावरच्या वहिनींकडे होतं, तुम्ही नव्हतात. त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी विठ्ठलाचा अभंग धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला माझा टाळ आपोआप ठुमकायला लागला, म्हटलं हे काय? अहो, चाल चक्क लावणीची! पेटीवाल्या मावशी गालात हसतायत, आणि मोठ्या काकूंचा चेहरा... भगरीत खडा लागावा तसा. ‘देवाला काही सोवळं आहे की नाही?’ झालं! सूनबाईंचे कान लाल, वहिनी लगबगीनं आत, ‘चहा ठेवते’ म्हणून.

तर काय सांगत होते... हां. काकूंची नात आली होती ना इंदूरहून, म्युझिक शिकते ती. ती म्हणाली, ‘आजी, पोपसुद्धा 1324च्या सुमाराला हेच बोलले होते.’ काकू म्हणतात, ‘कुठला पोपट?’ मी पदर तोंडात कोंबला हो!

पोप म्हणजे बाविसावे जॉन, तेव्हा आव्हिन्योंला राहायचे ते. चर्चमधले गवई काय करायचे माहितीये? खालचा आवाज लॅटिन स्तोत्राचा एकेक सूर ताणत बसायचा, आणि वर दुसरे दोघं त्याच वेळी फ्रेंचमधून प्रेमाची गाणी म्हणायचे. मोटेट म्हणतात त्याला. वर सूर उचक्या लागल्यासारखे तोडायचे, एक थांबला की दुसरा. पोप असे संतापले की फर्मानच काढलं. पण सणावारी थोडे साधे जुळणारे सूर चालतील, एवढी मुभा ठेवली हं. अगदी आपल्या काकू! उपास कडक, पण साबुदाणा चालतो.

आणि पोपचं ऐकलं का कुणी? पुढे ‘लोम आर्मे’ म्हणून एक रस्त्यावरचं गाणं निघालं, हत्यारबंद माणसाला भिऊन असा म्हणे. त्या चालीवर द्युफे, जोस्कँसारख्या बड्या बड्या लोकांनी चर्चची पूजा बांधली, मास म्हणतात ती. चाळिसाच्या वर झाल्या तशा! नातीनं ती चाल गुणगुणून दाखवली. सूनबाईंनी लगेच ठेका धरला, काकू भिंतीकडे बघत बसल्या.

मग मलाही राहवेना. म्हटलं, काकू, लांब कशाला जाता, आपले कुमारजी, कुमार गंधर्व हो, बघा की. 1948 साली क्षयानं आजारी म्हणून देवासला आले, इथून तासाभरावर. गायची बंदी. पडल्या पडल्या मालवी बायांची गाणी ऐकायचे, लग्नातली, पावसातली. त्यातूनच राग उभे केले त्यांनी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी. आणि निर्गुणी भजनं? ती तर नाथपंथी जोग्यांकडून घेतली, गवयांच्या बैठकीत आणून बसवली. तेव्हा कुठे गेलं होतं सोवळं? काकूंच्या कपाटात कॅसेट आहे त्यांची, मी पाहिलीये.

आणि पेशवाईतले शाहीर रामजोशी? सोलापूरच्या वैदिक घरातला मुलगा, तमाशात लावण्या गायचा, आणि पुढे तोच कीर्तनाला उभा राहिला. मोरोपंतांच्या आर्या म्हणायचा म्हणे. अहो, सोलापूरकरांनी ऐकल्याच ना त्या मान डोलावून!

एवढं बोलले तरी काकूंनी हार मानली असेल असं समजू नका. जाताना म्हणाल्या, ‘चाल बरी होती, पण ठुमका जास्त होता.’ सूनबाई जिन्यात हसत होत्या, मी पाहिलं.

आता पुढची एकादशी आमच्याकडे. चारला या, आणि तुमच्या घरातली ती ढोलकी आणा. काकूंना मात्र मी सांगितलं म्हणू नका.